रमचे गोळे आणि साहेबांचं नाक

डिसेंबर लागला आणि आमच्या वरच्या मजल्यावरच्या सिस्टर स्टुलावरून पडल्या. खिडकीत नाताळची चांदणी लावत होत्या. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घालून घरी आल्या तेव्हा मी भेटायला गेले. सगळी हयात दवाखान्यातल्या वॉर्डांत नर्स म्हणून काढलेली बाई, दुखण्याबद्दल अवाक्षर बोलल्या नाहीत. हाताकडे बघत एवढंच म्हणाल्या, "वैनी, आता गोळे कोण वळन वं?"

गोळे म्हणजे सिस्टरचे नाताळचे चॉकलेटचे गोळे. दरवर्षी चोवीस तारखेला आमच्या इमारतीत प्रत्येक दाराला एक छोटा डबा यायचा, वर लाल रिबीन. आत काळे, मऊ, खोबऱ्याच्या किसात घोळलेले गोळे, आणि त्यांत रम. त्यांच्या सासूबाई कामठीला कॅन्टोन्मेंटमध्ये एका फौजी अधिकाऱ्याकडे स्वयंपाकाला होत्या, तिथून ही विद्या सिस्टरच्या घरात आली. आमच्याकडे मी आणि माझा नवरा दोघंच. आमच्या घराण्यात दारू कोणी पीत नाही, पण सिस्टरच्या गोळ्यांतली दारू ही दारू नसते असं आम्ही दोघांनी फार पूर्वीच ठरवून टाकलं होतं.

"मी वळते," मी म्हणाले. विमा कंपनीच्या नोकरीतून त्याच वर्षी निवृत्त झाले होते, वेळ भरपूर होता. शिवाय आयुष्यभर बेसनाचे, रव्याचे, डिंकाचे लाडू वळले, त्यात हे काय अवघड?

"लाडू नाही वळायचे," सिस्टर लगेच म्हणाल्या. "सुपारीएवढे. आणि सामान तुम्हालेच आणा लागन."

सामानाची यादी त्यांनी सांगितली, मी लिहिली. मारी बिस्किटं, कोको, कंडेन्स्ड मिल्क, अक्रोड, पिठीसाखर, खोबऱ्याचा किस, संत्री. ना ओव्हन, ना गॅस. सगळं कालवायचं, वळायचं आणि फ्रिजमध्ये ठेवायचं. मला हे फारच आवडलं. मग यादीच्या शेवटी त्या म्हणाल्या, "आणि रमची एक बाटली. एरवी माझा भाचा आणून देते, पण तो यंदा पुण्याले आहे."

मी घरी येऊन ते काम नवऱ्याला सांगितलं. तो ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतो. त्याने वर्तमानपत्रातून मान वर न करता सांगितलं, "शक्य नाही. चौकातल्या दुकानाच्या बाजूला माझ्या जुन्या विद्यार्थ्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. पोरगा पाया पडतो रस्त्यात. हातात बाटली असताना आशीर्वाद कसा देऊ?"

तर मीच गेले. नागपुरात बाईला गुप्त राहायचं असेल तर सोय चांगली आहे. उन्हाळा असो की थंडी, स्कुटीवर निघालेली प्रत्येक बाई दुपट्ट्यात डोळ्यांपर्यंत गुंडाळलेलीच असते. मीही गुंडाळून घेतलं आणि सकाळी अकरा वाजता, भाजी घ्यायला निघाल्यासारखी पिशवी घेऊन, दुकानासमोर उभी राहिले. जाळीच्या आतला माणूस म्हणाला, "बोला काकू."

दुपट्ट्यातून फक्त माझे डोळे दिसत होते. काकू हे त्याला कसं कळलं ते मला अजूनही समजलेलं नाही.

"रम," मी हळूच म्हणाले. मग कोणी विचारलं नसताना पुढे म्हणाले, "केकमध्ये घालायला."

"डिसेंबरमध्ये सगळे केकच करतात काकू," तो अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाला आणि बाटली कागदात गुंडाळून दिली.

मी ती स्कुटीच्या डिक्कीत टाकली, वर मेथीची जुडी ठेवली आणि घरी आले. डिक्की उघडून पिशवी काढत होते तेवढ्यात मागून आवाज आला, "काय मॅडम, मेथी?"

हे आमच्या तळमजल्यावरचे साहेब. साहेब दारूबंदी खात्यातून इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालेले. नोकरीची बरीच वर्षं वर्धा जिल्ह्यात गेली, जिथे दारू विकायचीच बंदी. तिथे लोकांनी दारू कशाकशातून नेली आणि यांनी ती कशी पकडली, याच्या गोष्टी इमारतीत सगळ्यांना पाठ होत्या. दुधाच्या कॅनमधून, पोकळ केलेल्या भोपळ्यातून, एकदा तर नवरदेवाच्या गाडीच्या हारांच्या टोपलीतून. आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी साहेब आपलं सरळ, लांब नाक दाखवून म्हणायचे, "मशीन नव्हतं मॅडम आमच्याकडे. हेच." स्वतः जन्मात थेंब घेतला नव्हता. सिस्टरचा डबासुद्धा ते हात जोडून परत करायचे आणि सिस्टर दरवर्षी तो पुन्हा नेऊन द्यायच्या.

"हो, मेथी," मी म्हणाले.

साहेब पिशवीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "एका दिवसाचा परवाना मिळतो दुकानातच. काढला का?"

"मेथीचा?"

"सगळे डिक्कीतूनच आणतात," साहेब म्हणाले आणि पेपर घ्यायला फाटकाकडे गेले. मी जिना दोन-दोन पायऱ्या एकदम चढले.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या स्वयंपाकघरात काम सुरू झालं. सिस्टर खुर्चीवर, हात गळ्यात अडकवलेला, आणि मी परातीशी. बिस्किटं लाटण्याने कुटली, अक्रोड बारीक केले, संत्र्याची साल किसली. सिस्टर वॉर्डातल्यासारख्या हुकूम सोडत होत्या. "अजून घाला. बस. बस म्हटलं न वं! आता हलक्या हाताने." रमचा वास घरभर पसरला तेव्हा मी खिडक्या लावून घेतल्या. मग वाटलं, खिडक्या लावल्याने जास्तच संशय येईल, म्हणून उघडल्या.

पहिला गोळा सिस्टरनी तळहातावर घेऊन पाहिला. "हा लाडू आहे," म्हणाल्या. दुसरा, तिसरा, चौथाही लाडूच निघाला. हाताला लागलेली सवय सुटता सुटत नव्हती. दहाव्या-बाराव्या गोळ्याला त्या म्हणाल्या, "हां, आता माणसात आल्या." लाडू ठरलेले गोळे वाया जाऊ नयेत म्हणून आम्ही खाऊन टाकले.

अर्धे गोळे झाल्यावर त्यांनी मला हात धुवायला लावले. नुसते नाही, साबणाने, कोपरापर्यंत. परातही बदलली. "आता बिनरमचे. रमच्या जागी संत्र्याचा रस." इमारतीतल्या लहान मुलांसाठी, आणि मुख्य म्हणजे एका माणसासाठी.

हा माणूस त्यांच्या वॉर्डात अटेंडंट होता. हुशार, कामसू, आणि दारूने पार गेलेला. नोकरी गेली, बायको माहेरी गेली. सिस्टरनी त्याला स्वतः नेऊन उपचाराला भरती केलं होतं. आता कितीतरी वर्षांपासून त्याने घेतलेली नाही, कामठीच्या रस्त्यावर चहाची टपरी टाकली आहे, बायको परत आली आहे. दर नाताळला सिस्टर त्याला डबा देतात. "त्याच्या डब्यात एक थेंब नाही गेला पाहिजे," त्या म्हणाल्या. "आपल्याले तो एक गोळा आहे. त्याले नाही."

संध्याकाळपर्यंत दोन्ही तऱ्हेचे गोळे तयार झाले. सारखेच काळे, सारखेच खोबऱ्यात लोळलेले. रमचे एका मोठ्या ताटात, बिनरमचे दुसऱ्या ताटात, प्रत्येक ताटाखाली कागदाची चिठ्ठी. दोन्ही ताटं फ्रिजमध्ये ठेवली. डबे भरायचे ते दोन दिवसांनी, घट्ट झाल्यावर.

आता माझ्या नवऱ्याबद्दल. माणूस चांगला आहे. घरात मदत करतो, आणि नको तेव्हाच करतो. दुसऱ्या दिवशी मी देवळात गेले होते तेवढ्यात त्याने फ्रिजमध्ये पातोडीच्या रश्शाचं पातेलं ठेवायला जागा केली. जागा कशी केली, तर दोन्ही ताटं एका मोठ्या डब्यात रिकामी करून, झाकण घट्ट लावून. हे मला कळलं डबे भरायच्या दिवशी, सिस्टर समोर बसलेल्या असताना.

"अहो, हे काय केलं?"

"दोन्ही सारखेच तर होते," तो म्हणाला.

"एकात रम होती!"

"मग दुसऱ्यातही आली असेल थोडी," तो म्हणाला, आणि सिस्टरचा चेहरा पाहून दोन पावलं मागे सरकला. चिठ्ठ्या त्याने जपून ठेवल्या होत्या, हेही सांगितलं. एकीवर 'रम' लिहिलं होतं, दुसरीवर 'मुलं'. दोन्ही नीट घडी घालून.

आम्ही वास घेऊन पाहिला. एक दिवस एका डब्यात राहून सगळ्यांना एकमेकांचा वास लागला होता. मग मी म्हणाले, प्रत्येक गोळ्याचा नखाएवढा कण काढून चाखू, वरून परत खोबरं लावू. नवऱ्याने अपराधी भावनेने लगेच होकार दिला. पहिले तीन रमचे, चौथा बिनरमचा, इथपर्यंत आमचं एकमत होतं. आठव्याला सिस्टर म्हणाल्या रम, मी म्हणाले संत्रं, नवरा म्हणाला दोन्ही. पंधराव्या गोळ्यापर्यंत जिभेला सगळंच रम लागायला लागलं. नवरा तर माझ्या हाताच्या बोटालाही रमची चव आहे म्हणाला. सिस्टर खुर्चीत हसून हसून आडव्या झाल्या, मग एकदम डोळे पुसून गंभीर झाल्या.

"खाली साहेब आहेत," त्या म्हणाल्या.

मला ते मेथीचं प्रकरण आठवलं. पण दुसरा मार्ग नव्हता. डबा घेऊन आम्ही तिघं खाली गेलो. साहेबांनी दार उघडलं, त्यांच्या बायको, म्हणजे इमारतीच्या काकू, आतून आल्या. सिस्टरनी सगळं खरंखरं सांगितलं, त्या माणसाचंही. साहेब ऐकत राहिले. निवृत्तीनंतर इतकं महत्त्वाचं काम त्यांच्याकडे कोणी घेऊन आलं नव्हतं, हे त्यांच्या पाठीच्या कण्यावरून दिसत होतं. तो हळूहळू ताठ होत गेला.

"पंखा बंद करा," ते म्हणाले. "अगरबत्ती विझव गं. आणि तीन ताटं आण."

"तीन काहून?" काकूंनी विचारलं.

"रम, बिनरम आणि संशयित."

मग साहेबांनी हात धुतले, पुसले, कपाळावर चष्मा चढवला आणि बसले. एकेक गोळा दोन बोटांत धरायचा, मधोमध किंचित दाबून फट पाडायची, नाकाखाली न्यायचा, डोळे मिटायचे. "रम." ताटात. "रम." ताटात. "संत्रं." ताटात. मध्येच थांबून खिडकीशी जाऊन मोकळी हवा घेऊन यायचे.  माझा नवरा पेपर तपासून घ्यायला आलेल्या पोरासारखा कोपऱ्यात उभा. तासाभरात डबा रिकामा झाला. संशयितांच्या ताटात नऊ गोळे होते.

"हे बिनरमचे," साहेब संत्र्याचं ताट पुढे सरकवून म्हणाले. "घेऊन जा बिनधास्त."

सिस्टर हलल्या नाहीत. "साहेब, तुमच्या नाकावर माझा भरवसा आहे. पण त्या माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. मी कसं देऊ?"

साहेबांना हे लागलं असावं. त्यांनी ताट परत स्वतःकडे ओढलं. मग म्हणाले, "ठीक आहे. मीच खातो."

"तुम्ही?" काकू म्हणाल्या.

"यांतले. बिनरमचे. मी जन्मात दारू तोंडाला लावली नाही. माझ्या नाकासाठी मी माझं व्रत पणाला लावतो. यापेक्षा मोठा पुरावा काय देऊ?"

आम्ही नको नको म्हणालो. साहेबांनी ऐकलं नाही. त्यांनी ताटातला एक गोळा उचलला, तोंडात टाकला आणि सावकाश चावला. आम्ही सगळे त्यांच्या जबड्याकडे बघत होतो. "संत्र्याचा रस," ते म्हणाले. "आणि छान झालाय." दुसरा उचलला. "संत्र्याचा रस." त्यांच्या चेहऱ्यावर आता अगदी निवडणूक जिंकल्यासारखं समाधान होतं. तिसरा त्यांनी न बघताच घेतला.

तिसऱ्याला जबडा थांबला.

साहेबांचे कान लाल झाले. ते थुंकतील असं मला वाटलं, पण समोर तीन बायका बसलेल्या. त्यांनी गिळला. पाणी मागितलं नाही.  मला फार वाईट वाटलं. आमच्या फ्रिजमधल्या एका पातेल्यापायी या माणसाचं जन्माचं व्रत मोडलं होतं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण साहेबच आधी बोलले.

"मुद्देमाल खाल्ला मी," ते म्हणाले. "आता पंचनामा कोण करणार?"

आधी काकू हसल्या. तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून. मग साहेब स्वतः. "गरम लागते बाप्पा," ते छातीवर हात ठेवून म्हणाले. "याच्यासाठी लोक भोपळे पोखरत होते?" नवरा त्यांचे पाय धरायला निघाला होता, त्याला त्यांनी हातानेच बसवलं.

"कोणाले सांगू नको," साहेबांनी काकूंना बजावलं. काकूंनी त्याच ताटातला एक गोळा उचलून खाल्ला, मग रमच्या ताटातला एक, आणि शांतपणे म्हणाल्या, "मले हा आवडला." दुसरा.

मग साहेब उठले आणि त्यांच्यातला इन्स्पेक्टर परत आला. हे सगळे गोळे मोठ्या माणसांना, आधी सांगून, विचारून. मुलांसाठी आणि त्या माणसासाठी नवीन करायचे, आत्ताच्या आत्ता, आणि त्यांच्या घरात, कारण आमच्या स्वयंपाकघराचा त्यांना भरवसा उरला नव्हता. उरलेली रमची बाटली त्यांनी माझ्याकडून मागवून घेतली आणि कपाटात कुलूप लावून ठेवली. किल्ली काकूंच्या कमरेला. नवऱ्याला बिस्किटं आणायला पिटाळलं. काकूंनी नवीन परात काढली, तीसुद्धा उकळत्या पाण्याने धुतली. सिस्टर हुकूम द्यायला लागल्या तर साहेब म्हणाले, "थांबा, आधी हात दाखवा सगळ्यांनी."

अशा रीतीने दारूबंदी खात्याच्या देखरेखीखाली आम्ही सुपारीएवढे गोळे वळले. साहेबांनीही वळले. त्यांचे फार छान झाले, एकसारखे, सिस्टर म्हणाल्या की एवढ्या वर्षांत असे त्यांनाही जमले नव्हते. साहेबांनी पुढचा गोळा वळताना जरा जास्त वेळ घेतला.

डबे भरले. रमच्या डब्यांना लाल रिबीन, बिनरमच्यांना हिरवी, आणि नवरा रिबिनीच्या आसपासही फिरकणार नाही अशी व्यवस्था. चोवीस तारखेला मी सिस्टरबरोबर दारोदार फिरले. प्रत्येक दारात आधी सांगितलं की लाल डब्यात रम आहे, काही गोळ्यांत कदाचित नाही, नक्की कशात ते आम्हाला माहीत नाही. एकानेही डबा परत केला नाही. उलट दुसऱ्या मजल्यावरच्या एका अतिशय सोवळ्या आजोबांनी विचारलं, "जास्त शक्यता कोणती आहे?" माझ्या नवऱ्याने त्यांना संभाव्यतेचं गणित समजावून सांगितलं. हे काम त्याला देण्यात धोका नव्हता.

त्या माणसाकडे आम्ही दुपारी गेलो, कामठीच्या रस्त्याला. टपरीवर ट्रकवाले आणि यंत्रमागावरचे कामगार चहा पीत उभे होते. सिस्टरना बघून तो पातेलं सोडून धावत आला, प्लास्टर बघून ओरडला, "काय करून घेतलं हो सिस्टर हे!" बाकावर फडकं मारून आम्हाला बसवलं. सिस्टरनी हिरव्या रिबिनीचा डबा त्याच्या हातात दिला.

त्याने तो उघडला, नाकाजवळ नेला आणि थांबला. सवयीने थांबला असावा, एवढ्या वर्षांच्या. मग संकोचून म्हणाला, "सिस्टर, राग नका मानू. एक तुम्ही खाऊन दाखवा न आधी."

"राग कायले येते गा," सिस्टर म्हणाल्या. "असंच विचारत जा सगळ्यांले." डाव्या हाताने एक गोळा उचलून त्यांनी खाल्ला. मीही खाल्ला. मग त्याने एक तोंडात टाकला, डोळे मिटले आणि मान हलवली. तोवर टपरीमागून त्याची मुलगी आली, सातवी-आठवीतली. तिने एकापाठोपाठ चार खाल्ले आणि मला विचारलं, "मावशी, याले भट्टी लागते का?"

"नाही लागत," मी म्हणाले. "गॅससुद्धा नाही."

ती वही घेऊन आली. मी सांगत गेले, ती लिहीत गेली, आणि तिचे वडील आमच्यासाठी आलं ठेचायला लागले.